अहाब किंमत देत होता

गेल्या महिन्यात आमच्या शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांच्या वर्गाला नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा धडा होता. पहिल्या राजांच्या एकविसाव्या अध्यायातला हा धडा शिक्षकांना सोपा वाटतो. लोभी राजा, त्याच्याहून वाईट राणी, वाडवडिलांच्या जमिनीला धरून राहिलेला एक सरळ माणूस आणि शेवटी येणारा संदेष्टा एलीया. कोण बरा आणि कोण वाईट हे मुलांना सांगावेच लागत नाही. त्यामुळे आम्ही फारशी तयारी न करता वर्गावर गेलो, हे आधीच कबूल केलेले बरे.

वर्ग भरण्यापूर्वी तीन-चार मुले एका मोबाइलभोवती डोकी एकत्र करून काही पाहत होती. आम्हांला पाहून त्यांनी तो लपवला नाही, उलट पुढे केला. जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीतले एक यंत्र होते. एका लांबलचक लोखंडी हाताच्या टोकाला प्रचंड चाक, चाकाच्या कडेने बादल्या, आणि ते चाक फिरत फिरत डोंगराएवढी दरड खरवडून काढते आहे. यंत्राच्या पायथ्याशी उभी असलेली मोटारगाडी खेळण्यातल्यासारखी दिसत होती. मुले हरखून गेली होती. खरे सांगायचे तर आम्हीही दोन मिनिटे धडा विसरलो.

मग धडा झाला. शेवटी, नेहमीप्रमाणे, कोणाला काही विचारायचे आहे का असे आम्ही म्हटले, आणि ज्याचा मोबाइल होता त्याच मुलाने हात वर केला. "सर, राजा तर पैसे देत होता. नको असतील तर त्याहून चांगला दुसरा मळा देत होता. मग नाबोथाने हट्ट का केला?"

आम्ही म्हटले, "अरे, पण राजाने त्याला मारवले ना!"

तो म्हणाला, "ते नंतर, सर. मी आधीचं विचारतोय."

घंटा झाली आणि आम्ही सुटलो. परंतु प्रश्न सुटला नाही. घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा मुलाचेच बरोबर होते असे दिसले. खोटे साक्षीदार, दगडमार, ईजबेलची मोहोरबंद पत्रे हे सारे पुढचे. सुरुवातीला अहाब जे बोलतो त्यात एकही अन्यायाचा शब्द नाही. मळा राजवाड्याला लागून आहे, तेथे त्याला भाजीपाला लावायचा आहे. बदल्यात तो अधिक चांगला मळा देऊ करतो. नको असल्यास रोख किंमत. आज एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने खेड्यात येऊन असा प्रस्ताव मांडला, तर आपण त्याला उदार म्हणू. तरीही नाबोथ देवाची आण घेऊन नाही म्हणतो, आणि शास्त्राचा कल उघडच नाबोथाच्या बाजूने आहे. का बरे?

अध्यायात खून आहे म्हणून आपण या प्रश्नापासून निसटतो. खून बाजूला काढून, केवळ किंमत देणारा आणि जमिनीचा धनी असे दोघेच समोर ठेवले तर काय दिसेल? असे एखादे उदाहरण जगात आहे का, याचा विचार करता करता आम्ही पुन्हा त्या मोबाइलमधल्या यंत्रापाशी आलो. कारण जर्मनीत ही गोष्ट खरोखर घडली आहे, आणि तीही खोट्या साक्षीवाचून.

यंत्राबद्दल थोडे सांगतो, मुलांना सांगायला शिक्षकांच्या उपयोगी पडेल. त्याला धड नावही नाही. बॅगर म्हणजे जर्मन भाषेत खोदणारे यंत्र, आणि हे बॅगर २८८. क्रुप कंपनीने ते १९७८ साली पुरे केले. वजन १३,५०० टन, म्हणजे पाच टनांचा हत्ती धरला तर २,७०० हत्ती. उंची ९६ मीटर, आपल्या दिल्लीच्या कुतुबमिनारापेक्षा वीस मीटरहून अधिक. लांबी २२० मीटर. पुढच्या चाकाचा व्यास २१ मीटरांवर, त्यावर १८ बादल्या, आणि एकेका बादलीत साडेसहा घनमीटर माल मावतो. दिवसाकाठी ते २,४०,००० टन कोळसा काढू शकते. दहा टनी ट्रक म्हटले तर चोवीस हजार ट्रक. (मुले म्हणत होती तसे ते सर्वांत मोठे नाही; त्याचे एक भावंड त्याच्याहून काहीसे जड आहे. पण मुलांचा उत्साह तेवढ्यासाठी मोडू नये.) चालवायला माणसे लागतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते विजेवर चालते, आणि त्याला जी सोळा मेगावॅटच्या वर वीज लागते तीही पुष्कळशी अशाच कोळशातून येते. म्हणजे कोळसा खाऊनच ते कोळसा काढते.

याची कामाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा प्रश्न तिच्यातच आहे. जर्मनीच्या पश्चिमेस ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात तपकिरी कोळशाचे थर आहेत. हा कोळसा हलक्या जातीचा. त्याचे निम्मे वजन पाण्याचेच. लांब वाहून नेणे परवडत नाही, म्हणून वीजघरे खाणीच्या उशाशी असतात. थर मातीखाली खोल असल्यामुळे वरची सारी माती काढावी लागते. यंत्र पुढची दरड खरवडते, माती पट्ट्यावरून काही किलोमीटर मागे जाते, आणि तेथे दुसरे यंत्र ती रिकाम्या झालेल्या खड्ड्यात पसरते. अशा रीतीने खड्डा एका जागी राहत नाही. तो पुढून उघडत आणि मागून बुजत देशातून चालत जातो. वाटेत शेत असो, रस्ता असो, गाव असो, तो त्यातून जातो.

ईयोबाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. खाणकाम करणाऱ्या माणसाच्या हिकमतीचे तेथे मोठ्या कौतुकाने वर्णन आहे. तो अंधारात शिरतो, डोंगर मुळासकट उलथतो. शास्त्र त्या कौशल्याची निंदा करत नाही. फक्त, एवढे सारे शोधून काढणाऱ्याला शहाणपण कोठे सापडते, असे विचारते. आम्हीही यंत्राची निंदा करायला बसलेलो नाही. उघड्या खाणीच्या यंत्रांनी पुष्कळ माणसांचे जीव वाचवले आहेत. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथे भूमिगत खाणीत पाणी शिरून सुमारे ३७५ कामगार बुडाले. नाताळचे गीत अजून कानांत असताना ती बातमी आली होती, हे आमच्या पिढीला आठवते. जमिनीच्या पोटात माणूस उतरवण्यापेक्षा वरून यंत्राने खोदणे बरे, असे त्या विधवांना कोणी विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या?

आता त्या गावांकडे वळू. बॅगर २८८ ज्या खाणीत काम करते तिचे नाव गार्त्सवायलर. हे मुळात गावाचे नाव. गाव खाणीत गेले, नाव खाणीला उरले. त्यानंतर ओत्सेनराथ, होल्त्स, बोर्शेमिख, इमेराथ अशी एकामागून एक गावे गेली. कोणाच्या अंगावर लाठी घेऊन कोणी गेले नाही. वर्षानुवर्षे आधी सूचना मिळाली. काही किलोमीटरांवर नवी जागा निवडली गेली, आणि ती निवडताना गावकऱ्यांना विचारले गेले. घराची आणि जमिनीची किंमत मिळाली. शेजाऱ्याने शेजाऱ्याजवळ राहता येईल अशी योजना केली. कबरीसुद्धा उकरून अदबीने नव्या दफनभूमीत नेल्या. नव्या गावालाही जुनेच नाव, पुढे कंसात ‘नवे’ असा शब्द.

इमेराथमध्ये दोन उंच मनोऱ्यांचे एक रोमन कॅथलिक देवालय होते, १८८८ ते १८९१ या काळात बांधलेले. एवढ्याशा गावात एवढे भव्य देवालय, म्हणून आसपासचे लोक त्याला इमेराथचे कॅथेड्रल म्हणत. २०१३ साली तेथे शेवटची उपासना होऊन ते उपासनेच्या कामातून मोकळे केले गेले, आणि जानेवारी २०१८ मध्ये यंत्रांनी ते पाडले. त्याची चित्रे जगभर गेली. काही तरुण विरोध करायला गेले होते. आणि ज्यांची घरे कधीच नव्या गावात झाली होती, ज्यांना किंमत पोचली होती, अशी वयस्क माणसेही कुंपणाबाहेर उभी राहून पाहत होती.

हीच आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाची जागा. यांना फसवलेले नाही. पावती आहे. मग डोळ्यांत पाणी का?

एक उत्तर असे देतील की ही केवळ भावना आहे, काळाने जाईल. आम्हांला ते पटत नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएलाला जमिनीविषयी जो नियम दिला आहे, त्याचा आशय असा की जमीन कायमची विकून टाकायची नाही, कारण ती मुळात देवाची. लोक तिच्यावर पाहुण्यासारखे राहणारे. याचा अर्थ नाबोथ स्वतःला मळ्याचा मालक समजतच नव्हता. बापाने त्याच्या हाती दिला, त्याने मुलाच्या हाती द्यायचा. मध्यंतरी खत-पाणी त्याचे. जो स्वतः मालक नाही त्याला किंमत देऊन काय उपयोग? तुम्ही विश्वस्ताला पैसे देत आहात, आणि ज्यांच्या वतीने तो उभा आहे ते एक तर मेलेले आहेत किंवा जन्मायचे आहेत. गावही असेच असते. घराची किंमत घरमालकाला देता येते. पण गाव कोणाचे? विहिरीवरच्या रांगेचे, देवालयाच्या घंटेचे, दोन घरांमधल्या बोळाचे पैसे कोणाच्या नावे जमा करायचे? ते हिशेबात येत नाही ते कोणी लबाडी करतो म्हणून नव्हे. त्याला धनीच नसतो.

याच देशाच्या पूर्वेकडे, लाइपझिग शहराच्या दक्षिणेस, हॉयर्सडोर्फ नावाचे गाव होते. तेथील लोक कित्येक वर्षे कोर्टात लढले आणि २००५ साली राज्याच्या घटनात्मक न्यायालयात हरले. गावात प्रॉटेस्टंट मंडळीचे एक लहानसे दगडी उपासनामंदिर होते, सुमारे साडेसातशे वर्षांचे, म्हणजे मार्टिन लूथरच्याही जन्मापूर्वी दोनशे वर्षे उभे असलेले. त्याचे नाव अम्माऊस. ते पाडू नये असे ठरले. ऑक्टोबर २००७ च्या शेवटच्या आठवड्यात आख्खे मंदिर, छप्पर आणि घंटाघरासह, चाकांच्या गाड्यावर चढवून बारा किलोमीटरांवरच्या बोर्ना शहरात नेले. खर्च सुमारे तीस लाख युरो; तो खाणकंपनीने सोसला. दुतर्फा लोक उभे होते. आज ते मंदिर बोर्नाच्या चौकात आहे.

अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य चालत होते, आणि प्रभू त्यांच्याबरोबर चालला हे लूकच्या शुभवर्तमानातून आपल्याला ठाऊक आहे. पण मंदिरच चालू लागेल असे कोणाला वाटले असेल! या वार्तेने आम्हांला आनंद झाला आणि लगेच खट्टूही वाटले. दगड जपले गेले, हे चांगलेच. मात्र ज्या गावाने साडेसातशे वर्षे त्या दगडांत बाप्तिस्मे आणि लग्ने केली ते गाव मागे खड्ड्यात राहिले. मंडळी म्हणजे इमारत नव्हे असे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. येथे नेमकी इमारत वाचली.

आणखी एका प्रवासाची हकीगत याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. २००१ साली बॅगर २८८ चे हाम्बाख खाणीतले काम संपले, आणि त्याला गार्त्सवायलरला न्यायचे ठरले. सुटे करण्यापेक्षा चालवत नेणे स्वस्त, म्हणून ते स्वतःच्या पट्ट्यांवर बावीस किलोमीटर चालत गेले. तीन आठवडे लागले. वाटेत एक हमरस्ता, एक रेल्वेमार्ग आणि एर्फ्ट नावाची नदी. नदीचे पाणी अडू नये म्हणून पात्रात मोठाले नळ घालून वर भराव केला. चांगल्या जमिनीचे नुकसान होऊ नये म्हणून वाटेवर खास गवत पेरले. आम्हांला या गवताची गोष्ट विसरता येत नाही. वाटेतल्या शेताची इतकी काळजी, आणि मुक्कामाला पोचल्यावर शेत खाणे हेच काम! यात ढोंग आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी गवत पेरले ती माणसे मनापासूनच काळजी करणारी असतील. कामाचे इतके तुकडे झालेले असतात की प्रत्येकाला आपापल्या तुकड्यात चांगले वागता येते. इज्रेलच्या वडीलजनांकडेही मोहोर केलेले पत्रच आले होते, आणि त्यांनी पत्रात लिहिले होते तेवढेच केले.

येथवर आलो तेव्हा वाटले, मुलाला उत्तर मिळाले: काही वस्तूंची किंमत होत नाही, म्हणून नाबोथ नाही म्हणाला. पण हे उत्तर घेऊन वर्गावर जाण्याचा धीर होईना. कारण सर्वांनीच नाबोथासारखे उत्तर दिले तर रेल्वे कोठून जायची? दवाखान्याला जागा कोण देणार? ज्या इंदुरात बसून आम्ही हे लिहितो त्याचे दिवे कोळशावर चालतात. आपल्या देशात २०२४-२५ या वर्षात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक उघड्या खाणींतून. नाबोथाची बाजू घेऊन लेख लिहायचा आणि पंख्याखाली बसून लिहायचा, हे आम्हांला जमेना.

म्हणून अध्याय तिसऱ्यांदा वाचला, आणि या वेळी लक्ष गेले ते भाजीपाल्यावर. अहाबाला मळा कशासाठी हवा होता? लोक उपाशी होते म्हणून नव्हे. वेशीची भिंत पडली होती म्हणूनही नव्हे. राजवाड्याजवळ भाजी असावी, एवढेच. नाही म्हटल्यावर तो बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. किंमत किती द्यायची याचा विचार त्याने केला होता; मला हे खरोखर लागते का, हा विचार त्याला शिवलाही नाही. आणि किंमत देण्याची तयारी हीच माणसाला तो विचार करू देत नाही. मी योग्य मोल देतो आहे, तेव्हा माझी बाजू पुरी झाली, आता समोरच्याने हट्ट सोडावा, असे त्याला वाटू लागते.

जर्मनीतल्या कथेचा शेवटचा भाग येथे महत्त्वाचा आहे. गार्त्सवायलरच्या कडेला कायेनबेर्ग आणि शेजारची चार गावे होती. त्यांनाही पिढीभर सांगितले गेले की कोळसा लागणारच, जावे लागणारच. लोक जाऊ लागले, बहुतेक गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायेनबेर्गच्या देवालयात शेवटची उपासना झाली. वर्षही झाले नव्हते तोच, ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला की तेथील कोळसा २०३८ ऐवजी २०३० मध्येच थांबवायचा. तेव्हा ती पाच गावे खोदायची गरज नाही. (त्याच कराराने ल्युत्सेराथ नावाची वस्ती मात्र खाणीला गेली, जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी ती रिकामी केली.) हवामानाला होणारा धोका ध्यानी येऊन हे झाले, चांगलेच झाले. परंतु ज्यांनी आईबापांच्या कबरी उकरून नेल्या त्यांना काय सांगायचे? किंमत पुरी दिली होती. गरज मात्र तेवढी नव्हती.

एका पर्यावरण संस्थेची त्या खाणीच्या वाटेत फळबाग होती. नाबोथाचा मळाच म्हणा. ती सक्तीने घेतली गेली. संस्था वरपर्यंत लढली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये देशाच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने सांगितले की बाग अशी घेणे घटनेला धरून नव्हते. पण तोपर्यंत बागेच्या जागी खड्डा होता. त्याच निकालात न्यायालयाने एकूण खाणीला मान्यता दिली, आणि इतकेही म्हटले की यापुढे ज्यांची घरे जायची त्यांना आधीच, वेळ हातात असताना, दाद मागता आली पाहिजे. जे नंतर कळून उपयोग नाही ते आधी विचारले पाहिजे, हे न्यायाधीशांच्याही ध्यानी आले.

आपल्याकडे तर किंमतीचीच रड आहे. आमच्या मध्य प्रदेशाच्या पूर्व टोकाला सिंगरौली आहे. १९६२ साली रिहंद धरण पुरे झाले तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांतली पुष्कळ कुटुंबे तेथे जाऊन बसली. मग त्यांच्या पायांखाली कोळसा निघाला. खाणी आल्या, वीजघरे आली, आणि त्यांतल्या कित्येकांना दुसऱ्यांदा उठावे लागले, काहींना तिसऱ्यांदा. तेथे चाकाचे यंत्र नाही, ड्रॅगलाइन आहे: ९६ मीटरांची दांडी, दोरखंडांना टांगलेली २४ घनमीटरांची बादली, आणि अवाढव्य पावले टाकत ती सरकते. मोरवा या तेथल्या शहराची जमीनही आता खाणीसाठी घेण्याची कारवाई चालू आहे. अशा ठिकाणी पुरी किंमत मिळावी म्हणून झगडणारे लोक योग्यच करतात, आणि मंडळीने त्यांच्या बाजूने उभे राहावे. एवढेच की किंमत पुरी मिळाली म्हणजे आपण मोकळे झालो, असे आपण दिवे वापरणाऱ्यांनी समजू नये.

हे सारे दूरचे वाटत असेल तर घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका मंडळीने मिशनच्या काळापासूनच्या कंपाउंडातला एक तुकडा विकला. भाव बाजारचा मिळाला, व्यवहार चोख झाला, एका पैची अफरातफर नाही. सभेत कारण सांगितले होते: उपासनामंदिराचे छप्पर गळते. छप्पर खरेच गळत होते. त्या रकमेच्या पाचव्या हिश्श्यात ते झाले. उरलेल्या पैशांत संगमरवरी फरशी आली, थंड हवेची यंत्रे आली. तुकड्यावर चिंचेची तीन झाडे होती, आणि एक जुनी खोली, जिच्यात दुष्काळात आणलेल्या पोरक्या मुलांची शाळा भरत असे. त्या मुलांची नातवंडे आज मंडळीत आहेत. सभेत त्यांतली दोन माणसे गप्प बसली होती. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. गरज किती आणि भाजीपाला किती, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही, आणि ते विचारण्याइतकी वये आमची झाली होती.

त्या संगमरवरी फरशीवरच आमच्या मुलांचा वर्ग भरतो. पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला जमेल तसे उत्तर दिले. म्हटले, नाबोथ नाही म्हणू शकत होता, कारण मळा त्याच्या एकट्याचा नव्हता; आणि अहाबाने विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही. त्याने ऐकून घेतले. पटले की नाही ते कळले नाही. मग त्याने दुसराच प्रश्न काढला: "सर, पण शेवटी तिथे भाजी लावली का त्याने?"

आम्ही शास्त्र उघडून पाहिले. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला जातो तेथे एलीया त्याला गाठतो, एवढेच आहे. भाजीचे काही नाही. दुसऱ्या राजांच्या नवव्या अध्यायात, अहाबाच्या मागून त्याचा मुलगा योराम राज्य करत असता, ती जमीन पुन्हा एकदा येते. इतकी वर्षे राजघराण्याकडे असूनही तेथे तिला नाबोथाचे शेत असेच म्हटले आहे. तो धडा पुढच्या महिन्यात आहे.